रूथबाई आणि आयरिश फौजदार

रूथ साळवे बाईंसमोर ‘छान आहे’ म्हणायची सोय नव्हती. पुस्तक असो, पोहे असोत, की कुणाची नवी सून असो. छान म्हणजे काय, कशामुळं, आणि तसं नसतं तर काय बिघडलं असतं, हे त्या विचारणारच. मग माणूस अडखळायचा. तो अडखळला की बाईंचा चेहरा उजळायचा. आता हा खरं बोलायच्या जवळ आला, असं त्यांना वाटायचं.

आमच्या फरीदाबादच्या मराठी मंडळाच्या अंकासाठी बाईंवर लिहा असं मला सांगितलं, तेव्हा मंडळाचा सेक्रेटरी निखिल म्हणाला, काका, तुम्ही बोला, मी टाइप करतो, थोडं नीट करून देतो. मी म्हटलं, नीट करायचं काही नाही. मी चौथी शिकलोय, पण अक्षरं सगळी चौथीच्या आतच शिकवतात. हे मी हातानं लिहिलंय. आहे तसं छापायचं, नाहीतर राहू दे.

बाई नगरकडच्या, ख्रिस्ती घरातल्या. मिशनच्या बोर्डिंगात वाढल्या. तिथं एक आयरिश सिस्टर होत्या, त्यांनी बाईंना इंग्रजी शिकवलं आणि चुकलं की हातावर पट्टीही मारली. बाई त्यांच्याबद्दल बोलायला लागल्या की प्रेम कुठलं आणि राग कुठला, काही कळायचं नाही. लग्न होऊन त्या फरीदाबादला आल्या. त्यांचे मिस्टर सॅम्युअल साळवे आमच्या कारखान्यात फोरमन, मी त्यांच्या हाताखाली लेथवर. बाई इथल्याच एका शाळेत इंग्रजी शिकवायच्या. मिस्टर गेले, मुलगी नोकरीनिमित्त पुण्याला गेली, बाई मात्र तिसऱ्या मजल्यावरच्या त्याच बिनलिफ्टच्या घरात राहिल्या. कलफाची सुती साडी, वर मिस्टरांचा राखाडी स्वेटर, मनगटात मिस्टरांचंच मोठं घड्याळ. ते ढिलं होतं, कोपरापर्यंत घसरायचं. छोटं करून घ्या म्हटलं की म्हणायच्या, घड्याळाला काय झालंय, माझा हात बारीक झालाय.

इकडं पिकल्या केसांची बाई दिसली की जो तो ‘माताजी’ म्हणतो. बाईंना ते खपायचं नाही. एकदा मार्केटच्या नाक्यावर मी त्यांच्यासोबत होतो. ऑटोवाला म्हणाला, “बैठो माताजी, जो देना हो दे देना.” बाई बसल्याच नाहीत. म्हणाल्या, “माताजी नहीं, सवारी हूँ. भाडा बताओ.” त्यानं सांगितलं, ते त्यांना जास्त वाटलं, मग भर उन्हात त्याच्याशी घासाघीस केली आणि ठरलं तेवढंच दिलं. वरती एक पैसा नाही. उतरताना तो त्यांना ‘मॅडम’ म्हणाला. त्यावर त्यांनी मान हलवली, जशी शाळेत हजेरी घेताना हलवत असतील.

रविवारी सकाळी चर्च, तिथून सरळ आमचा वाचनकट्टा. सोसायटीच्या कम्युनिटी सेंटरची वरची खोली मंडळाला मिळते. उन्हाळ्यात खोलीत कूलर लावून, आणि थंडीत धुरकं विरलं की बाहेरच्या गच्चीवर उन्हात खुर्च्या टाकून. सुरुवातीला तिथं नुसत्या गप्पा चालायच्या, कुणाच्या मुलाचं पॅकेज किती वगैरे. बाई एक रविवार ते ऐकत बसल्या. पुढच्या रविवारी पिशवीतून एक जाड इंग्रजी पुस्तक काढलं, शाळेत उघडतात तसं मांडीवर उघडलं आणि मराठीत सांगायला लागल्या. लिहून आणलेलं काही नाही. समोर इंग्रजी, तोंडातून मराठी, मध्ये कुठं अडणं नाही.

ती आयर्लंडमधल्या एका पोलिसाची गोष्ट होती. एकच माणूस, एकामागून एक सात-आठ पुस्तकं. समुद्राकाठचं लहान गाव, सदा पाऊस, लोक चुलीत झाडपाल्याची कुजून वाळलेली माती जाळतात. पोलीस बिनलग्नाचा, बहिणीकडं राहतो, फार बोलत नाही. आम्ही त्याला फौजदार म्हणायला लागलो. बाईंना ते पटलं नव्हतं. त्याचा हुद्दा वेगळा आहे म्हणायच्या. पण आमच्या तोंडी बसलं ते बसलं, आणि त्यांनी ते चालवून घेतलं. बाईंनी चालवून घेतलेली दुसरी गोष्ट मला तरी आठवत नाही.

बाकी सगळं तिकडचं तिकडंच राहायचं. फौजदार ओटची लापशी खायचा तर लापशीच खायचा, बाईंनी कधी त्याच्या पुढ्यात भाकरी ठेवली नाही. आमच्यातल्या लतावहिनी काळे म्हणाल्या, बाई, जरा आपल्यासारखं करून सांगा ना, समजायला बरं पडतं. बाई म्हणाल्या, आपल्यासारखं रोजच चाललंय की, त्यासाठी एवढ्या लांब कशाला जायचं. वाचन चालू असताना चहा नाही. शेंगदाण्यांवर तर बंदी. खून कुणी केला ते जवळ यायला लागलं की लोक टरफलं जोरात फोडतात, हे त्यांनी पाहून ठेवलं होतं.

आणि शेवटच्या प्रकरणाच्या आधी पुस्तक बंद. ते प्रकरण एक रविवार सोडून. मधला रविवार मताचा. त्या दिवशी बाई एकेकाला उभं करायच्या. खून कुणी केला एवढं सांगून सुटका नव्हती. तुम्ही फौजदाराच्या जागी असता तर त्याला धरलं असतं का, हे सांगायचं. ‘मलाही यांच्यासारखंच वाटतं’ असं म्हटलं तर पुन्हा शेवटी नंबर.

निखिल तेव्हा नवा होता. जन्म दिल्लीतलाच, नोएडाला कॉम्प्युटरच्या कंपनीत. मराठी घरात जेवढी लागते तेवढी. एकदा मताच्या दिवशी तो उभा राहिला आणि धडाधड सगळं सांगितलं. खुनी डॉक्टर, कारण जमिनीचं, पुरावा बोटीतला दोर. आम्ही तोंडात बोटं घातली. बाईंनी पुरतं ऐकून घेतलं आणि विचारलं, फोनवर बघितलंस ना. तो हसला. म्हणाला, “हो बाई, पण करेक्ट आहे ना?”

“उत्तर बरोबर आहे,” बाई म्हणाल्या. “मत कुठाय?”

त्याच्याकडं मत नव्हतं. डॉक्टरला धरावं की नाही, हे त्या फोनमध्ये नव्हतं. त्याला बाईंनी तसंच उभं ठेवलं, पुढच्याचा नंबर आला तरी. तो चिडून गेला. पुन्हा येणार नाही असं आम्हाला वाटलं, पण आला.

माझं आणि लतावहिनींचं जे वाजलं ते चौथ्या की पाचव्या पुस्तकावरून. त्यात एक कोळी बुडून मेलेला सापडतो. पुढं कळतं की बायकोनंच त्याला ढकललंय, कारण तो तिला रोज मारायचा. फौजदाराला सगळं कळतं, आणि तो कागदावर ‘पाय घसरून’ असं लिहून मोकळा होतो. लतावहिनी म्हणाल्या, बिल्कुल बरोबर केलं, उलट तिला घरी सोडायला गाडी द्यायला हवी होती. मी म्हटलं, तो पगार कशाचा खातो? कोण मारण्याच्या लायकीचं होतं हे ठरवायला त्याला नेमलंय का? असं असेल तर कोर्टं बंद करा. लतावहिनी म्हणाल्या, “शिंदेभाऊजी, तुम्हाला कुणी रोज बडवलंय का कधी? नाही ना? मग तुम्ही खाली बसा.” मी बसलो नाही. दुपार कलली तरी आम्ही दोघं उभेच. नंतर कितीतरी दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. जिन्यात भेटल्या तरी भिंतीकडं बघायच्या.

बाई खूश होत्या. म्हणाल्या, भांडण झालं म्हणजे पुस्तक ऐकलं गेलं.

त्या एवढ्यावर थांबल्या नाहीत. इंटरनेटवर एक जागा असते, तिथं जगभरचे वाचक आपापली मतं लिहितात. या फौजदाराच्या पुस्तकांवर तिथं ढीगभर लिहिलेलं होतं. बाईंनी आमची मतं इंग्रजी करून तिथं टाकली. प्रत्येकाचं नाव वेगळं, गाव फरीदाबाद, आणि खाली ‘पुस्तक ऐकून दिलेलं मत’ अशी ओळ. माझं मत सभ्य करू नका असं मी सांगायच्या आधीच त्या म्हणाल्या, तुमचा पगार मी तसाच ठेवलाय शिंदे. थोड्या दिवसांनी तिकडच्या एका म्हाताऱ्या बाईनं लिहिलं की माझी आजी असती तर तिनं फरीदाबादच्या लताचा हात धरला असता. लतावहिनींनी सगळ्या मजल्यावर पेढे वाटले, माझ्याकडंही पाठवले. मलाही एक उत्तर आलं, जन्मभर पोलिसात काढलेल्या कुणाचं. म्हणाला, तो पगारवाला म्हातारा बरोबर बोलतोय. पेढे मी वाटले नाहीत, पण ते उत्तर बाईंकडून दोनदा वाचून घेतलं.

मग एकानं तिथंच हरकत घेतली. ज्यांनी पुस्तक वाचलंच नाही त्यांची मतं इथं कशाला, काढून टाका. बाईंनी त्याला एवढं लांब उत्तर लिहिलं की मुलीनं पुण्याहून फोन करून विचारलं, आई, तब्येत ठीक आहे ना.

हेच पुढं आमच्या मंडळात निघालं. पण त्याआधी एक झालं होतं, ते मला माहीत होतं आणि बाकी कुणाला नव्हतं.

त्या थंडीत बाई शेवटून दुसरं पुस्तक सांगत होत्या. मी त्यांच्या उजव्या हाताला बसायचो. ऊन सरळ पानावर पडत होतं. इतर वेळी त्या पदरानं पानावर सावली धरायच्या, आता धरत नव्हत्या. आधी ओळीखालून बोट फिरायचं, आता बोट एका जागी. पान उलटायच्या ते दम घ्यायला थांबल्या की. एकदा वाऱ्यानं पाच-सहा पानं भराभर उलटली, तरी बाई बोलत राहिल्या, खाली न बघता. फौजदार चर्चच्या मागं उभा होता तो तिथंच उभा राहिला, पानांबरोबर गोष्ट पुढं उडी मारून गेली नाही. ज्यांनी सांगायचं त्यांनी सांगितलं नव्हतं, मग मी कोण.

तोवर मंडळात नवी मंडळी बरीच आली होती. पुण्या-मुंबईची, चांगल्या नोकऱ्यांची, इंग्रजी वाचणारी. ती रविवारी यायची ते पुस्तक घरी वाचूनच, आणि बाई सांगत असताना फोन बघत बसायची. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. वाचून झालेलं पुन्हा कशाला ऐकायचं? तेव्हा निखिलनं मीटिंग बोलावली. तो आता सेक्रेटरी झाला होता. त्यानं फार अदबीनं मांडलं. पुढच्या महिन्यापासून प्रत्येकानं पुस्तक वाचून यायचं, इथं फक्त चर्चा. ज्यांना इंग्रजी जमत नाही त्यांनी मागच्या रांगेत बसून ऐकायला हरकत नाही, बिल्कुल बसावं. मत मात्र वाचलेल्यांनी द्यावं, एवढंच.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी उठणार होतो. बाईंनी माझ्याकडं न बघता हातानं खाली बसवलं.

“माझं मत चालेल का?” त्यांनी निखिलला विचारलं.

सगळे हसले. निखिल म्हणाला, “बाई, तुमचं तर पहिलं.”

“या आत्ताच्या पुस्तकावर?”

“ऑफ कोर्स.”

बाईंनी मांडीवरचं पुस्तक मिटलं आणि पुढं केलं. निखिल जिथं उभा होता त्याच्या जरा डावीकडं. त्याला वाकून ते घ्यावं लागलं.

“हे मी वाचलेलं नाही,” बाई म्हणाल्या. “मला अक्षर दिसत नाही. दिवाळीच्या आधीपासून दिसत नाही. मुलीनं फोनवर पुस्तक वाचणारा आवाज बसवून दिलाय. मी आठवडाभर ते ऐकते, लक्षात ठेवते आणि इथं येऊन तुम्हाला सांगते. पुस्तक नुसतं हातात धरते. मी ऐकलंय, आणि शिंद्यांनी माझ्याकडून ऐकलंय. मग त्यांनी मागं बसायचं तर मी कुठं बसू?”

कुणी तरी म्हणालं, बाई, तुमची गोष्ट वेगळी आहे.

“वेगळी कशी ते सांगा,” बाई म्हणाल्या, आणि थांबल्या.

त्या थांबल्या की समोरच्यानं बोलायचं असतं, हे आम्हाला वर्षानुवर्षांच्या सवयीनं माहीत होतं. नव्या लोकांनाही ते त्या दिवशी कळलं. त्यांनी आवाज चढवला नव्हता. त्यांचे कान मात्र लाल झाले होते. जी बाई कुणाचा हात धरून कधी जिना उतरली नाही, तिनं चाळीस माणसांत मला दिसत नाही असं सांगितलं होतं. डोळ्यांवर औषध चाललंय का, कुठं दाखवलं, असं लतावहिनींनी हळूच विचारलं. बाई म्हणाल्या, तो विषय नाहीये. विषयाचं बोला.

ठराव झालाच नाही. चहा आला, तोही कुणी धड घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी निखिल ऑफिसातून परस्पर त्यांच्या घरी गेला. हे त्यानंच मला नंतर सांगितलं. त्यानं तोडगा नेला होता. नव्या लोकांचा चर्चेचा रविवार वेगळा, आपला ऐकण्याचा वेगळा, मत दोन्हीकडं ज्याला द्यायचं त्यानं द्यावं. बाईंनी मान्य केलं. मग म्हणाल्या, आता शेवटचं पुस्तक राहिलंय, ते कुणी वाचून फोनवर टाकलेलं नाही. तू वाचायचंस.

निखिल घाबरला. म्हणाला, “बाई, माझी मराठी तुम्हाला माहितीये. मला अर्धे शब्द येत नाहीत यार. लोक हसतील.”

“हसू दे,” बाई म्हणाल्या. “मला इंग्रजी आलं तेव्हा आधी सगळं बोर्डिंग हसलं होतं.”

असा निखिल वाचायला बसला आणि बाई आमच्यात येऊन बसल्या. ऐकणारी म्हणून बाई फार वाईट. पहिल्या रविवारी त्यांनी खुर्चीचा हात असा आवळून धरला होता की मला वाटलं तो उखडून येतो. निखिल अडायचा, हिंदी घालायचा, फौजदाराला एकदा ‘थानेदार’ म्हणाला. लतावहिनी शब्द पुरवायच्या, मी पुरवायचो, कधी कधी मी आणि वहिनी एकाच वेळी वेगवेगळा शब्द पुरवायचो आणि तिथंच जुंपायची. पुस्तक कासवासारखं चाललं. नव्यातले काही जण सुद्धा येऊन बसायला लागले. वाचलेलं पुस्तक असं खाचखळग्यांतून जाताना बघायला त्यांना गंमत वाटत असावी.

बाईंची मुलगी न्यायला आली. पुण्यात डोळ्यांच्या डॉक्टरची तारीख घेतली होती. बाईंनी पुस्तक संपल्याशिवाय येत नाही म्हणून एकदा तिला परत पाठवलं. दुसऱ्यांदा मात्र डॉक्टर थांबायला तयार नव्हते. बाई गेल्या. नजर काही परत आली नाही. निखिलनं उरलेलं पुस्तक फोनवरून त्यांना वाचून दाखवलं, शेवटाला फौजदार नोकरी सोडून देतो तिथपर्यंत. बाईंचं मत आलं की शेवट पळपुटा आहे. लिहिणाऱ्याला त्याचं म्हातारपण लिहायचं धाडस झालं नाही, म्हणून त्याला घरी पाठवून मोकळा झाला. निखिलनं ते त्या इंटरनेटच्या जागेवर बाईंच्या नावानं टाकलं. तिकडच्या लोकांना फार झोंबलं म्हणे. पुढच्या उन्हाळ्यात बाई पुण्यालाच वारल्या. मला जाता आलं नाही, माझंच ऑपरेशन होतं.

म्हणून मी बाईंना शेवटचं पाहिलं ते त्यांच्या इथल्या शेवटच्या रविवारी. वाचन ऐन रंगात होतं आणि मला बायकोला दवाखान्यात न्यायचं होतं, तेव्हा मी मधूनच उठलो. बाईंना सांगितलं नाही, वाचताना बोललेलं त्यांना चालत नाही. जिना उतरून रस्ता ओलांडला आणि पलीकडून वर पाहिलं. गच्चीला लोखंडी जाळीचा कठडा आहे, त्यातून सगळी पाठमोरी बसलेली दिसत होती. शाली, स्वेटर, कानटोप्या, माकडटोप्या. एवढ्या लांबून नवा कोण, जुना कोण, वाचलेला कोण, ऐकणारा कोण, काही ओळखू येत नव्हतं. बाई कुठल्या, तेही कळेना. मी डोळ्यांवर हात धरून शोधत राहिलो. निखिलचा आवाज खालपर्यंत येत होता, कुठं तरी अडकलेला. मग त्या डोक्यांतून एक हात वर गेला आणि निखिल थांबला. ढिलं घड्याळ कोपराकडं घसरलं. बाईंना काहीतरी पटलेलं नव्हतं.